पुनर्वसन अभियांत्रिकीतील पीएच.डी. : प्रश्न कोठून घ्यावा

अपघाताने, आजाराने, जन्मतः किंवा वयोमानाने शरीराची एखादी क्षमता उणी पडली, की ती साधनाच्या किंवा यंत्राच्या मदतीने भरून काढण्याचे शास्त्र म्हणजे पुनर्वसन अभियांत्रिकी. कृत्रिम पाय, कॅलिपर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, पांढरी काठी, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ही सारी तिची साधने. कल्पना फार जुनी आहे. लढाईत पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय बसवल्याचा उल्लेख ऋग्वेदात येतो. आधुनिक काळात या शास्त्राला जोर आला तो महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांमुळे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलेच. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये सुरू झाली.

गरज मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, आणि तेव्हाची व्याख्या आजच्यापेक्षा अरुंद होती. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २५० कोटी लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे. त्यात चष्म्यापासून सगळे आले.

या विषयातल्या सर्वांत प्रसिद्ध भारतीय शोधाला पीएच.डी.चा स्पर्शही नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. परदेशी बनावटीचा पाय बुटात घालण्यासाठी होता. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे, म्हणून रुग्ण तो घरी नेऊन कोपऱ्यात ठेवत. शर्मांचे शालेय शिक्षण बेताचेच, पण रबर, लाकूड आणि साचा यांची जाण पक्की होती. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग डॉक्टरेटचे काम काय उरले? हा पाय का चालतो, कोणाला चालत नाही आणि किती काळ टिकतो, हे मोजून सांगण्याचे. जयपूर फुटाची दोन परदेशी पायांशी तुलना करणारा, चालताना जमिनीकडून पायावर येणाऱ्या बलांच्या मोजमापावर उभा असलेला शोधनिबंध १९९५ मध्ये आला, म्हणजे शोधानंतर पाव शतकाने. कारागीर वस्तू घडवतो. संशोधक तिच्याविषयी असे ज्ञान मिळवतो, की ते दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या शरीरालाही लागू पडावे. पदवी मिळते ती या ज्ञानासाठी. नवे यंत्र तयार झाले म्हणजे प्रबंध झाला, असा समज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत फार आढळतो आणि त्यात एकदोन वर्षे वाया जातात.

साधने टाकून दिली जातात, हे परदेशातही घडते. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२७ प्रौढांच्या पाहणीत २९.३ टक्के साधने वापरातून गेलेली आढळली. वापरणाऱ्याचे मत निवडीच्या वेळी विचारलेच नव्हते, हे त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक. म्हणून प्रबंधाचा प्रश्न वापराच्या जागी शोधावा लागतो, आणि त्यासाठी सोलापूर ही बरी जागा आहे.

येथील विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर जमिनीवर बसते. तिचा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला असेल, तर साधा कृत्रिम गुडघा तिच्या उपयोगाचा नाही. तो पुढे-मागे वाकतो. मांडी घालायला मात्र गुडघ्याखालचा पाय आडवा वळावा लागतो. गुडघ्याच्या वर फिरता सांधा बसवला की हे जमते, पण पायाचे वजन वाढते, किंमत वाढते आणि झिजणारा एक भाग वाढतो. या सांध्याची कळ किती वेळा उघडझाप केल्यावर सैल होते? चालता चालता ती सुटण्याचा धोका किती? वजन वाढल्याने पावलाला किती जास्त श्रम पडतात? हे तिन्ही मोजता येणारे प्रश्न आहेत आणि यांतला एकही कारखान्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. कापलेल्या अवयवाचा उरलेला भाग, ज्याला रुग्णालयात सर्रास स्टंप म्हणतात, तो प्लॅस्टिकच्या घट्ट सॉकेटमध्ये असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो. सॉकेटमधला घाम बाहेर जात नाही, कातडी मऊ पडते, घासते, जखम होते आणि पाय पुन्हा कोपऱ्यात जातो. वातानुकूलित प्रयोगशाळेत तासाभरात घेतलेले तापमान येथे पुरे पडत नाही. यंत्रमागापाशी आठ तास उभ्या असलेल्या माणसाच्या सॉकेटमधले हवे. स्टंपवर चढवायच्या मोज्याचे सूत आणि वीण कशी असावी, हा तर टेरी टॉवेलच्या गावाने स्वतःकडे घ्यावा असा विषय.

प्रवेशाचा भाग थोडक्यात सांगता येतो. भारतात या नावाची स्वतंत्र पीएच.डी. क्वचितच मिळते. पदवी यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, जैववैद्यकीय अभियांत्रिकी किंवा डिझाइन या शाखेत घेतली जाते आणि विषय पुनर्वसनाचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्के सवलत आहे. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले उमेदवार यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. आयआयटींचे नियम वेगळे असतात आणि तेथे गेटचे गुण महत्त्वाचे ठरतात. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे.

मार्गदर्शक कोण, हे शाखेच्या नावापेक्षा महत्त्वाचे. आयआयटी मद्रासमध्ये सुजाता श्रीनिवासन यांच्या टीटीके केंद्रातून उभी राहू देणारी व्हीलचेअर ‘अराइज’ २०१९ मध्ये आली. आयआयटी दिल्लीत एम. बालकृष्णन यांच्या गटाची ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये बाजारात आली. साध्या पांढऱ्या काठीला गुडघ्याच्या वरचा अडथळा कळत नाही, तो ती ध्वनिलहरींनी ओळखते. आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ केंद्र डॉक्टर आणि अभियंते यांना एका टेबलापाशी आणते. परदेशात पिट्सबर्ग विद्यापीठाचे नाव घेतले जाते. तेथील रोरी कूपर स्वतः व्हीलचेअर वापरतात आणि १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमधले कांस्यपदक विजेते आहेत. अभियंता मार्गदर्शकाबरोबर वैद्यकीय सहमार्गदर्शक असणे जवळजवळ अपरिहार्य आहे. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि १९६३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. अंतर रिक्षाचे आहे, पण दोन खात्यांच्या सह्यांना महिने लागू शकतात.

नंतरची वर्षे दोन प्रकारच्या चाचण्यांत जातात. पहिली यंत्रावरची. कृत्रिम पायाच्या सांगाड्याला आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३० लाख वेळा भार द्यावा लागतो. व्हीलचेअर फिरत्या दुहेरी ढोलावर २,००,००० फेऱ्या चालवतात आणि मग ५ सेंटिमीटर उंचीवरून ६,६६६ वेळा पाडतात. ही मानके गुळगुळीत रस्त्यांच्या देशांत घडली. पाणंदीच्या वाटेला ती पुरतात का, याची शंका घेणेही संशोधनच.

दुसरी चाचणी माणसांवरची, आणि तेथे घाई चालत नाही. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आधी, प्रयोग नंतर. संमतिपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत हवे. सोलापुरात ते मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लागते. प्रश्नावल्यांचे नुसते भाषांतर पुरत नाही. बाथटबमध्ये उतरता येते का, हा प्रश्न मोरीत आंघोळ करणाऱ्याला निरर्थक आहे. त्या जागी मोरीच्या कठड्याचा प्रश्न घालावा लागतो आणि बदललेली प्रश्नावली पुन्हा पारखून घ्यावी लागते. सहभागी थोडेच मिळतात, कारण एकाच उंचीवर पाय कापलेली, सारख्या वयाची माणसे एका शहरात शंभर सापडत नाहीत. म्हणून एकाच व्यक्तीला आळीपाळीने जुने आणि नवे साधन देऊन तिच्याच चालीशी तुलना करतात. प्रयोग संपल्यावर नवे साधन त्या व्यक्तीकडे राहणार की परत जाणार, आणि राहिले तर दुरुस्ती कोण करणार, हे अर्जातच लिहिलेले बरे. चार महिने चांगला पाय वापरून तो परत देणे काय असते, हे प्रबंधाच्या तक्त्यांत दिसत नाही.

प्रबंध परीक्षकांकडे जातो, मौखिक परीक्षा होते, प्रत ‘शोधगंगा’त ठेवली जाते. साधनाचा प्रवास मात्र तेथून वेगळा सुरू होतो. विक्रीसाठी ते वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ च्या चौकटीत बसवावे लागते, उत्पादक शोधावा लागतो आणि सरकारी वाटपाच्या यादीत नाव लागेपर्यंत थांबावे लागते. ‘स्मार्टकेन’ विद्यार्थ्यांच्या प्रकल्पापासून बाजारात येईपर्यंत सुमारे नऊ वर्षे गेली. पीएच.डी.ची मुदत त्याहून कमी असते.