वाचा, आणि वाचलेलं बोला



आयोजकांनी मला ‘वाचनाचे महत्त्व’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, महत्त्व राहू दे. ते आपण शाळेत दहा वर्षं ऐकलंय, त्यावर निबंधही लिहिलेत. मी आज वाचणाऱ्या माणसाचा रोजचा दिवस कसा असतो ते सांगतो, आणि त्याचा आपल्या सीमाप्रश्नाशी काय संबंध आहे तेही सांगतो.

माझं छोटं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की पहिला तासभर गिऱ्हाईक कमी असतं. तेवढ्यात वीसेक पानं होतात. गल्ल्याशेजारी एक पुस्तक कायम असतं, जुन्या पेपरचं कव्हर घातलेलं. दुपारी जेवून आल्यावर दहा पानं, रात्री झोपायच्या आधी दहा. दिवसाला चाळीस पानं म्हणजे महिन्याला चार-पाच पुस्तकं. यात तपश्चर्या वगैरे काही नाही. रील बघत तेवढा वेळ कुणाचाही जातो.

खरं, नुसतं वाचून माझं भागत नाही. (आता हे ‘खरं’ आपल्याकडचं, ‘पण’ या अर्थाचं. पुण्याच्या पाहुण्याला ते कळत नाही, तुम्हाला सांगायला नको.) वाचलेलं कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला ते पचत नाही. त्यामुळे संध्याकाळी सात ते साडेआठ आमच्या दुकानाच्या पायरीवर गप्पा असतात. उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा माझा दोस्त, निवृत्त झालेले एक गुरुजी, शेजारच्या एक काकी, अधूनमधून कॉलेजची पोरं. चहा आळीपाळीनं.

मागे एकदा रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरून आठवडाभर भांडण चाललं. दोस्त म्हणाला, “राघोबादादावर अन्याय केलाय लेखकानं. त्याची बाजू कोण मांडणार?” गुरुजी चिडले. “अरे, कादंबरी माधवरावांची आहे. तुला राघोबाची पाहिजे तर तू लिही की!” काकींनी मध्येच विचारलं, “हे देसाई कोवाडचेच ना? माझ्या माहेरापासून हाकेवर.” कोवाड महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. मध्ये राज्याची हद्द आहे, आणि पुस्तक दोन्हीकडच्या कपाटात आहे.

आता एका पोरीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातलं, शाळेत दुसरी भाषा कानडी. घरी मराठी, मोर्चात मराठी, घोषणा तर खणखणीत. एकदा तिच्या हातात पुस्तक दिलं तर पहिल्याच परिच्छेदात अडली. म्हणाली, “काका, मला मराठी बोलता येतं, वाचताना दम लागतो. जोडाक्षर आलं की थांबायला होतं. आणि हे पुस्तकातलं मराठी आमचं नव्हे.”

तिच्या बोलण्यात दोन अडचणी होत्या. एक सवयीची, ती महिन्याभरात जाते. दुसरी जास्त खोल. छापील मराठी पुण्या-मुंबईची आणि आपण बोलतो ते अशुद्ध, असं तिच्या मनात कुणीतरी घालून ठेवलं होतं. आपल्यातल्या किती जणांच्या मनात ते आहे, जरा आठवून बघा.

आम्ही तिला प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ दिलं. आजीआजोबांकडे राहणारा लंपन नावाचा शाळकरी पोरगा, आणि बोली आपल्या भागातली, कानडी हेल असलेली. पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचं ठरलं, दोन पानं तिनं, दोन पानं काकींनी. तिसऱ्या दिवशी ती मध्येच थांबली आणि हसत सुटली. “हे आमच्या आजीसारखंच बोलतात की!” पुढं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ तिनं आपलं आपण वाचलं. आता ती माझ्याकडून जी. ए. कुलकर्णी नेते, आणि परत देताना माझ्याशी वाद घालते.

ज्या मराठीला आपण घरगुती समजून लपवतो, ती मराठी साहित्यात कधीच जाऊन बसलीय. लंपनच्या लेखकाची आई इंदिरा संत, त्यांचं कितीतरी आयुष्य बेळगावात गेलं. जी. ए. जन्मले आपल्या जिल्ह्यातल्या एकसंब्यात, आणि शिकवलं धारवाडला. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या कॉलेजात शिकवत होते. ‘गणगोत’मधले त्यांचे रावसाहेब वाचा. कानडी वळणाचं बेळगावी मराठी छापील पानावर किती रुबाबात उभं राहतं, ते कळेल. पुण्यामुंबईचे लोक त्या बोलीवर जीव टाकतात, आणि आपली पोरं पुण्याला शिकायला गेली की तीच बोली चार दिवसांत बदलून येतात.

तुम्ही म्हणाल, काका, प्रश्न कोर्टात आहे आणि तुम्ही गोष्टीची पुस्तकं काढून बसलाय. संबंध आहे, सांगतो.

१९४६ साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या संमेलनात झाला. म्हणजे लिहिणारी आणि वाचणारी माणसं आपल्या गावात जमली, आणि त्यांनी ही मागणी पुढं नेली. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर १८४८ सालचं. राज्याची हद्द पडली १९५६ साली. आपलं वाचनालय त्या हद्दीपेक्षा १०८ वर्षांनी मोठं आहे.

त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम ३५०अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. शिवाय ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हेही मान्य झालेल्या संरक्षणांपैकी आहे. त्यासाठी आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो. काढायलाच पाहिजेत.

खरं, उद्या ती कागदपत्रं मराठीत मिळाली आणि आपल्याच पोराला ती वाचताना दम लागला, तर? दोन ओळी वाचून त्यानं कागद बाजूला ठेवला आणि “इंग्रजीत द्या” म्हणाला, तर? समोरचा अधिकारी हसून म्हणेल, “तुमचं तुम्हालाच नको आहे.” त्याला काय उत्तर देणार आपण? हक्क मागणाऱ्याला तो वापरता आला पाहिजे. तो सराव रोजच्या दहा पानांत होतो.

आणखी एक गोष्ट. मराठी वाचायचं म्हणजे कानडीचा राग करायचा, असं कुणी डोक्यात घेऊ नका. बेळगावच्या उमा कुलकर्णींनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांची पद्धत ऐका. त्यांचे पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवायचे, आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहायच्या. विरुपाक्षांनी स्वतः मराठीतली पुस्तकं कन्नडमध्ये नेली. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी उमाताईंना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपलं भांडण सक्तीशी आहे, भाषेशी नाही. तुम्हाला कानडी येतंच, तर तिकडचं चांगलं इकडं आणणारे उद्या तुमच्यातूनच निघतील. त्याला आधी स्वतःची भाषा पक्की पाहिजे.

आता कामाचं बोलतो. गप्पा कशा मारायच्या? “पुस्तक भारी आहे” म्हटलं की गप्पा तिथंच संपतात. आमच्या पायरीवर आम्ही तीन प्रश्न ठेवलेत. कुठल्या पानावर थांबलास? कुणाचा राग आला? आणि यातलं आपल्या गल्लीत कोण आहे? तिसऱ्या प्रश्नावर तर रात्रीचे नऊ वाजतात. बोलायचं आपल्या बोलीत. ‘काय की’, ‘बघा की’, ‘खरं’, सगळं चालतं.

वाचताना अडत असेल तर मोठ्यानं वाचा. घरात आजी असेल तर तिला वाचून दाखवा. तिच्या डोळ्यांना दिसत नसतं, तुमच्या जिभेला वळण पाहिजे असतं, दोघांचंही काम होतं. पहिलं पुस्तक पातळ घ्या. आवडलं नाही तर पन्नासाव्या पानावर सोडून द्या, कुणी परीक्षा घेत नाही. पुस्तक उसनं दिलं तर वहीत लिहून ठेवा. मी ठेवतो, आणि वसुलीला घरापर्यंत जातो.

थंडीत आपल्याकडं गावोगावी संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी. शहरातल्या माणसाला नवल वाटतं, की एवढ्या लहान गावात ग्रंथदिंडी निघते, पाहुणे येतात, शेतकरी दिवसभर मांडवात बसून भाषणं ऐकतात. तुम्हीही जाता, मला माहीत आहे. फेटा बांधून फोटो काढता. काढा. खरं, परत येताना तिथल्या स्टॉलवरून एक पुस्तक घेऊन या, आणि पुढच्या संमेलनाला जाताना ते वाचलेलं असू दे.

शेवटचं एक मागणं. तुमच्या गावात किंवा जवळपास मराठी वाचनालय असेल. या आठवड्यात तिथं जाऊन सभासद व्हा. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. ते वाट बघतायत, खोटं नाही सांगत. वाचनालय नसेल तर तुम्ही चौघं मिळून चार पुस्तकं घ्या आणि फिरवा. आणि पायरीवर जागा लागली, तर आमच्या दुकानाची आहे. चहाचे पैसे मात्र आळीपाळीनं.