इफिसची मंडळी आणि आमची हजेरीवही

(सहाय्यकांच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या सभेत मी अहवाल वाचते. यंदा तो छापून तुमच्या हातात दिला आहे. बालवाड्या, शिवणवर्ग, डोळ्यांचं शिबिर, जमाखर्च, सगळं त्यात आहे, घरी जाऊन सवडीनं वाचा. पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. त्या वेळात मला प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातलं इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र तुमच्यापुढे ठेवायचं आहे. आणि मग आमच्या भागातल्या एका मंडळीबद्दल सांगायचं आहे. त्या मंडळीत माझीही चूक आहे, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. ऐकून कोणाला ओळख पटली, तर कृपा करून चहाच्या वेळी ते नाव घेऊ नका.

हे पत्र आपण पुष्कळदा ऐकलं आहे. पहिली प्रीती सोडल्याबद्दल प्रभू त्यांना दोष देतो, एवढं आपल्याला पाठ असतं. पण त्याच्या आधी त्यानं त्यांची केवढी वाखाणणी केली आहे, ते आपण घाईनं वाचून टाकतो. ते कष्ट करणारे होते. त्यांनी धीर धरला होता. दुष्टांना ते थारा देत नव्हते. स्वतःला प्रेषित म्हणवणारे लोक आले, तेव्हा त्यांनी त्यांची पारख केली आणि ते लबाड आहेत हे शोधून काढलं. निकलाइतांची कृत्यं त्यांना आवडत नव्हती, आणि ती प्रभूलाही आवडत नव्हती. म्हणजे ही काही झोपाळू मंडळी नव्हती. आपल्या एखाद्या मंडळीला असं प्रशस्तिपत्र मिळालं, तर आपण ते चौकटीत घालून वेदीजवळ लावू.

मी थिऑलॉजीचा डिप्लोमा करत होते तेव्हा आमच्या सरांनी एक सवय लावली. पत्र वाचण्याआधी त्या मंडळीचा जन्म कसा झाला ते वाचायचं. इफिसची जन्मकथा प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या आणि विसाव्या अध्यायांत आहे. पौल तिथं आला तेव्हा बाराएक शिष्य होते. तीन महिने तो सभास्थानात बोलला, तिथं विरोध झाला म्हणून तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज बोलत राहिला. राहुट्या करण्याचा त्याचा धंदा होता. स्वतःच्या हातांनी काम करून तो आपली आणि सोबत्यांची गरज भागवत होता. त्या शहरात जादूटोण्याचं मोठं प्रस्थ होतं. विश्वास धरलेल्यांनी आपली जादूची पुस्तकं आणून सगळ्यांच्या देखत जाळली. त्यांची किंमत चांदीची 50,000 नाणी झाली. एक नाणं म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी धरा. ती पुस्तकं विकून एखादी टोलेजंग इमारत उभी राहिली असती. कुणी विकली नाहीत. (आमच्या कमिटीत हा विषय आला असता तर निदान तीन बैठका झाल्या असत्या.)

पुढं देमेत्रिय सोनारानं दंगा उठवला, लोक नाट्यगृहात जमले आणि दोन तास अर्तमी देवीच्या नावानं ओरडत राहिले. मंडळी त्यातूनही टिकली. आणि मग मिलेतचा निरोप. पौलानं इफिसच्या वडिलांना बोलावून घेतलं, गुडघे टेकून सगळ्यांबरोबर प्रार्थना केली, आणि ते त्याच्या गळ्यात पडून रडले. तो पुन्हा दिसणार नाही याचं त्यांना दुःख होतं. पहिली प्रीती कशी होती असं कोणी विचारलं, तर मी हा प्रसंग दाखवते.

त्या निरोपाच्या भाषणात पौलानं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, मी गेल्यावर लांडगे कळपात शिरतील, तुमच्यातूनही काही उठतील, म्हणून जागे राहा. दुसरी, मी जसे कष्ट केले तसे करून अशक्तांना हात द्या, आणि घेण्यापेक्षा देण्यात धन्यता आहे हे प्रभूचं बोलणं विसरू नका. भाषणाचा शेवट या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

आता साधारण चाळीस वर्षं पुढं या. योहानाकडून पत्र येतं. लांडग्यांबद्दलचा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळलेला दिसतो, त्याबद्दल शाबासकीही आहे. दुसऱ्या सल्ल्याचं काय झालं? पत्रात अशक्तांचा उल्लेख नाही, त्यामुळे मी हे अगदी ठासून सांगत नाही. पण प्रभू त्यांना पहिल्यासारखी कृत्यं करायला सांगतो. पहिल्यासारख्या भावना आणा असं तो म्हणत नाही. मला वाटतं, त्यांच्या हातून काहीतरी करायचं थांबलं होतं. चाळीस वर्षं दारावर पहारा देता देता दार कोणासाठी उघडायचं हेच ते विसरले असतील. मी हे असं वाचते, कारण आमच्याकडे तेच घडताना मी पाहिलं आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी त्या पाड्यावर पहिल्यांदा गेले. डोंगरउतारावर कुडाची घरं, खाली ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की पाडा तुटायचा. तिथल्या एका आजीनं आम्हाला पहिल्यांदा घरात घेतलं. तिच्याच घरात कंदिलाच्या उजेडात आमची प्रार्थना सुरू झाली. सात-आठ माणसं, कोंबड्या, एक आजारी शेळी. बाया स्वयंपाकाआधी नागलीची एक मूठ बाजूला काढायच्या आणि आठवड्यानं ती एकत्र करून ज्या घरात चूल पेटली नसेल तिथं द्यायच्या. हे मी शिकवलेलं नव्हतं. मिझोराममधल्या मंडळीत बाया शंभरहून जास्त वर्षं मूठभर तांदूळ असाच बाजूला काढत आल्या आहेत हे मला फार नंतर कळलं. एकदा भर पावसात एका बाळंतिणीला चार माणसांनी झोळीत घालून ओढ्यापलीकडे आरोग्य केंद्रात नेलं. त्यांतले दोघे आमच्या प्रार्थनेला येत नव्हते. कोण येतं आणि कोण येत नाही, हे तेव्हा कोणी मोजत नव्हतं.

मग तुमच्यासारख्यांच्या देणग्यांतून सभागृह झालं. पत्र्याचं छप्पर, खुर्च्या, माईक. त्याबद्दल मी देवाचे आभारच मानते. पावसात कोरडं बसायला मिळतं ही लहान गोष्ट नाही. पुढं एक बाहेरचा मनुष्य आला. गोड बोलायचा, लांब प्रार्थना करायचा. देवाच्या कामाच्या नावानं त्यानं घराघरांतून पैसे गोळा केले आणि एक दिवस निघून गेला. मजुरीचे पैसे होते ते. मंडळी हादरली. कमिटीनं ठरवलं, यापुढं सगळं लेखी. सभासद कोण ते लेखी, वर्गणी पावतीनं, हजेरी वहीत. आणि ते बरोबरच होतं. इफिसकरांनीही हेच केलं होतं.

ती वही मी आखून दिली. नाव, हजेरी, वर्गणी, शेरा. तीन महिने गैरहजर राहिलेल्याचं नाव 'अनियमित' या पानावर जायचं, हा नियमही माझ्याच सूचनेनं झाला. नाव तिथं गेलं की पुढं काय करायचं, हे मात्र मी लिहिलं नव्हतं. कोणीतरी घरी जाऊन विचारपूस करील, असं मी गृहीत धरलं होतं.

आमच्या भागात दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघं राबतात, मुलं भट्टीवरच असतात. पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात. एका वर्षी आजीही मुलाबरोबर गेली, नातवंडं सांभाळायला. सहा-सात महिने नाही म्हटल्यावर नाव गेलं अनियमितच्या पानावर. परत आली ती तापानं आजारी होऊन. मुलाची उचल फिटलेली नव्हती. मग पावसाळा, ओढा भरलेला. भात कापून झाल्यावर उपकारस्तुतीचा दिवस आला, तेव्हा ती काठी टेकत सभागृहात आली. बरोबर पदरात बांधलेली नागली होती. प्रभुभोजनाच्या वेळी ती उठली, तेव्हा दाराजवळच्या वडिलांनी तिला हळूच सांगितलं, तुमचं नाव अनियमितमध्ये आहे, आधी कमिटीला भेटा. त्यांचा स्वर उर्मट नव्हता. नियम होता, तो त्यांनी सांगितला. ती काही न बोलता परत फिरली.

मी त्या वेळी सभागृहातच होते. मी फोटो काढत होते, याच वार्तापत्रासाठी. तो फोटो छापून आला, तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही असेल. रांगेत उभी माणसं, समोर धान्याची रास. आजी त्या फोटोत नाही.

मला हे कळलं आठ महिन्यांनी, आणि तेही आमच्या आरोग्य सेविकेकडून. ती म्हणाली, "ताई, आजीला दिसेनासं झालंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे." मी म्हटलं, आपण शिबिर घेतलं की. तिनं विचारलं, शिबिराची घोषणा कुठं केली होती? रविवारी, उपासनेनंतर, सभागृहात केली होती. शिबिर सगळ्यांसाठी खुलं होतं, तसं फलकावरही लिहिलं होतं. पण फलक सभागृहाच्या भिंतीवर होता.

त्या रात्री मी इफिसचं पत्र पुन्हा वाचलं. इफिस हे एके काळी बंदर होतं. नदी गाळ आणत राहिली, लोक उपसत राहिले, आणि शेवटी समुद्रच दूर गेला. आज तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ त्या शहराचे भग्नावशेष आहेत आणि तिथून समुद्र काही किलोमीटरवर आहे. समई काढून टाकण्याचा इशारा वाचताना मला पूर्वी एकदम कोसळणारा कोप डोळ्यांसमोर यायचा. आता गाळ येतो. बंदर कोणत्या दिवशी बंद पडलं, ते इफिसच्या कोणालाच सांगता आलं नसतं. तरी न्यायानं हेही सांगायला हवं की ती मंडळी लगेच विझली नाही. 431 साली तिथं मोठी धर्मपरिषद भरली होती. म्हणजे पत्रानंतर तीनशेहून जास्त वर्षं तिथं दिवा होता. त्यांनी पत्र ऐकलं असावं, असं मला मानावंसं वाटतं.

आपल्याच मराठी मंडळीतलं एक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो. पण 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. दोन वर्षांनी ते वारले. गीतं आपण ठेवली, ते पाऊल मात्र चरित्रात ठेवून दिलं. मी स्वतः पगार घेते, तेव्हा हे मी दुसऱ्या कोणाला सुनावत नाही.

मी आजीच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते काही बोलता आलं नाही. तिनं आवाजावरून ओळखलं, सुनेला कोरा चहा ठेवायला सांगितला आणि माझ्या मुलांची चौकशी केली. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "वहीत नाव नाही तर नाही. पण तू का नाही आलीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. कामाचे डोंगर होते, हे खरं आहे. पण ते सगळे डोंगर तिच्यासारख्यांच्याच नावानं उभे केलेले होते.

तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची पावसाळ्यानंतर होईल. वहीबद्दल कमिटीत अजून वाद आहे. खजिनदारभाऊंचं म्हणणं, नियम सैल केला तर पुन्हा कोणीतरी लुबाडून जाईल. ते चुकत नाहीत. त्यांच्या बहिणीचे पैसे त्या माणसानं नेले होते. एवढं मात्र ठरलं आहे की अनियमितच्या पानावर नाव गेलं की आठ दिवसांत दोघांनी त्या घरी जायचं आणि काय पाहिलं ते शेऱ्यात लिहायचं. भट्टीवर गेलेल्यांची नावं त्या पानावर घालायचीच नाहीत. शिबिराचा निरोप आता पाड्यापाड्यावर जाऊन तोंडी देतो.

तुम्हा सहाय्यकांना एक विनंती आहे. तुम्ही भेटीला येता तेव्हा सभासद किती, सभागृह पूर्ण झालं का, असं विचारता. जरूर विचारा. त्याबरोबर गेल्या वर्षी येत होतं आणि यंदा दिसत नाही असं कोण आहे, हेही विचारा. आम्हाला उत्तर द्यायला जड जाईल, तरी विचारा.

आजी अजून सभागृहात आलेली नाही. मी आग्रह केलेला नाही. गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा जणी तिच्या घरी बसतात. मूठ काढायला दोघींनी पुन्हा सुरुवात केली आहे, बाकीच्या म्हणतात, बघू. गेल्या गुरुवारी अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन कोणीतरी चढ चढत येताना दिसलं. खजिनदारभाऊ होते. दाराशी चपला काढून ते आत आले आणि आजीच्या शेजारी बसले. वही त्यांनी आणली नव्हती.