खारकेचा मूळ देश



व्यापारी परिषदेच्या अध्यक्षाने डॉलरच्या भावावर बोलावं, सरकारी योजनांचे आभार मानावेत आणि खाली बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे. आज ती मोडतो. आपल्यातले बरेच जण आता कंटेनरने नाही, खोक्याने व्यापार करतात. मोबाइलवर ऑर्डर येते, पार्सल जातं किंवा येतं. व्यापारबंदी हा सरकारासरकारांमधला मामला, आपल्या खोक्याकडे कोण बघतंय, असा यांच्यापैकी अनेकांचा समज आहे. हा समज अंगाशी येतो.

खारकेचंच घ्या. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लावलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर 2 मे 2025 रोजी डीजीएफटीने, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाने, सरळ बंदीच घातली. ती अधिसूचना एकदा सावकाश वाचा. पाकिस्तानात तयार झालेला किंवा तिथून निघालेला माल, थेट येवो की फिरून येवो, एरवी खुल्या आयातीत बसत असो की नसो, आणायचा नाही आणि आपल्या हद्दीतून पुढेही न्यायचा नाही. दुसऱ्याच दिवशी टपाल खात्याने तिकडून येणारी पत्रं आणि पार्सलंही थांबवली.

बाळंतिणीच्या लाडवांना मात्र खारीक लागतेच, आणि मागणी असली की वाट शोधणारे निघतात. जून 2025 मध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, न्हावा शेवाला 39 कंटेनर धरले. माल सुमारे 1,115 टन, किंमत 9 कोटींच्या घरात, आणि त्यात आपली खारीकही होती. कागदावर मूळ देश संयुक्त अरब अमिराती. प्रत्यक्षात माल पाकिस्तानातून निघाला होता आणि दुबईच्या जबेल अली बंदरात दुसऱ्या कंटेनरांत भरला गेला होता. डबा बदलला, बिल बदललं, पण खारीक कुठल्या मातीत पिकली ते बदलत नाही. कायदा विचारतो तो हाच प्रश्न.

हे मोठ्यांचे उद्योग, असं म्हणून हात झटकू नका. ऑनलाइन दुकानात गुलाबी ‘हिमालयीन’ मीठ सुरेख पाकिटात विकलं जातं. त्या मिठाची जगप्रसिद्ध खाण खेवड्याला आहे, पाकिस्तानी पंजाबात. पाकीट जर्मनीत भरलं, विक्रेता दुबईचा, पैसे कार्डाने गेले, तरी मीठ खेवड्याचं असेल तर ते बंदीतच. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनी मूळ देश दाखवणं सक्तीचं केलं आहे. तरीही अनेक जण त्या रकान्यात पाकीट जिथे भरलं त्या गावाचा देश टाकतात. पुरवठादाराला आधी दोन ओळींचं पत्र लिहा, लेखी उत्तर मागा, मगच रकाना भरा.

बाहेर जाणाऱ्या मालाची तऱ्हा वेगळी. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात विकायला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही. मंदिराबाहेर पिसांचे पंखे उघड मिळतात. म्हणून एखादी भगिनी तोच पंखा न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला पाठवायला निघते. निर्यातीला मोरपिसं आणि त्यांच्या वस्तू दोन्ही बंद आहेत. दुकानात चालतं ते बंदरावर चालेलच असं नाही, आणि वेबसाइट माल चढवून घेते म्हणून तो कायदेशीर होत नाही.

आता परक्यांच्या कायद्याकडे येतो. इराण, क्युबा यांच्यावरचे निर्बंध अमेरिकेचे, आपण कोल्हापूरचे, आपल्याला त्यांचं काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर सोपं आहे: पैसा. डॉलरमधला व्यवहार बहुधा न्यूयॉर्कमधल्या बँकेतून फिरून येतो, आणि ज्या संकेतस्थळावर आपण दुकान मांडतो ते बरेचदा अमेरिकी कंपनीचं असतं. त्या कंपन्यांना अमेरिकी अर्थखात्याची काळी यादी पाळावीच लागते. चुकल्या तर दंड होतो. यादीत नावं आहेत, कंपन्या आहेत, जहाजंसुद्धा आहेत. वर, यादीतल्यांची निम्मी किंवा त्याहून जास्त मालकी ज्या कंपनीत आहे, तिचं नाव यादीत नसलं तरी तीही बंदच धरतात.

आणि ही यादी तपासतं कोण? यंत्र. 2019 मध्ये ॲपलने 4,66,912 डॉलर भरून तडजोड केली. यादीत स्लोव्हेनियाच्या एका कंपनीच्या नावातली शेवटची अक्षरं लहान आणि मध्ये टिंबं देऊन लिहिली होती. ॲपलच्या नोंदीत ती मोठी होती, टिंबं नव्हती. यंत्राला ही दोन नावं एकच आहेत हे उमगलं नाही. 2020 मध्ये ॲमेझॉनला 1,34,523 डॉलर मोजावे लागले. तिथे पत्त्यात निर्बंधाखालच्या क्रायमियाचं स्पेलिंग ‘सी’ऐवजी ‘के’ने केलेलं होतं, आणि मालाला वाट मोकळी मिळाली.

असा चटका बसल्यावर कंपन्या चाळणी बारीक करतात. मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. गिऱ्हाइकाचं नाव यादीतल्या कुणाशी जुळलं, आणि मुसलमानी नावं तर हटकून जुळतात, की पैसे अडकतात. विक्रेत्याला ‘आपले खाते तपासणीखाली आहे’ एवढी ओळ मिळते. कारण नाही, मुदत नाही, बोलायला माणूस नाही. मला ही गोष्ट खटकते. कायदा पाळायला आमची ना नाही, पण कुठल्या नावामुळे अडलं हे सांगायला कसली अडचण आहे? पासपोर्टवरची जन्मतारीख पाहिली तर अशी बरीच प्रकरणं तासाभरात सुटतील.

म्हणून परिषदेपुढे दोन ठराव ठेवतो. पैसे किंवा खातं रोखताना संकेतस्थळाने कारण लेखी द्यावं आणि दाद मागायला ठरावीक जागा द्यावी, अशी मागणी आपण केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाकडे करावी. दुसरा ठराव आपल्यासाठीच: डीजीएफटीच्या बंदीविषयक अधिसूचनांचा मराठी गोषवारा परिषदेने दर महिन्याला सभासदांना पाठवावा. त्याचं काम तरुण कस्टम्स ब्रोकरांनी वाटून घ्यावं. मानधन मिळणार नाही, चहा मिळेल.

दुपारच्या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या ऑनलाइन दुकानातल्या मालाची यादी एचएस कोडसह आणावी. ज्यांच्याकडे सुका मेवा, मीठ, लाकडी किंवा पिसांच्या वस्तू आहेत त्यांची छाननी आधी घेऊ. ठरावांवर मतदान त्यानंतर.