नाच हे काम आहे



तमाशा कलावंतांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. ही परिषद खान्देशात, जामनेरला भरते आहे, याचा आनंद त्याहून मोठा. या मातीनं तमाशा पोसला. आनंद महाजन जळगावकर, भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू सिंधीकर ही नावं इथे घराघरांत माहीत आहेत. त्या फडांत पायात चाळ बांधून जी माणसं उभी राहतात, त्यांच्या पोटापाण्याविषयी आज मी बोलणार आहे. माझं म्हणणं एकच आहे. नाच हे काम आहे. ते काम म्हणून नोंदलं जावं, त्याचा दाम कागदावर यावा आणि ते करणाऱ्याच्या म्हातारपणाची सोय व्हावी.

इथून पहूरमार्गे फर्दापूरला गेलं की अजिंठा येतं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. त्यात एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती बासरी, झांजा, मृदंग वाजवणाऱ्या बायका आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारानं नर्तकीला एकटी दाखवलं नाही, तिचा अख्खा ताफा रंगवला. फडाचंही तसंच असतं. नाचणाऱ्या बाईमागे ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे, भाकरी थापणाऱ्या बायका अशी मोठी पलटण असते. चूल मात्र सगळ्यांची एकाच तिकीटबारीवर पेटते.

खेळ संपल्यावर तंबूच्या मागे जाऊन पाहा. कनातीच्या आडोशाला बायका चाळ सोडत बसलेल्या असतात. घोट्यावर दोरीचे वळ उठलेले असतात. ट्रकच्या दांडीला बांधलेल्या झोळीत कुणाचं तरी मूल झोपलेलं असतं. उजाडायच्या आत तंबू उतरतो, सामान भरलं जातं आणि त्याच ट्रकमध्ये दाटीवाटीनं डोळा लागतो तोवर पुढचं गाव येतं. तिथे आंघोळीला आडोसा मिळेल की नाही, हा बाईचा पहिला प्रश्न असतो. ढोलकी, गाणी, वग सगळं त्यानंतर.

या सगळ्याचा पाया उचलीवर आहे. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर नाचून फेडतो. मालकानं तो पैसा सावकाराकडून व्याजानं आणलेला असतो. पाऊस पडला, यात्रा मोडली, गावात तंटा झाला की दोघंही बुडतात आणि पुढच्या वर्षाची उचल मागच्या फेडीतच जाते. मालकाला खलनायक करून हा गुंता सुटणार नाही. त्याला बँक उभी करत नाही, म्हणून तो सावकाराच्या दारात जातो.

२०२० साली पहिली टाळेबंदी लागू झाली तो दिवस गुढीपाडव्याचा होता. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्यांवर गावकरी खेळाची सुपारी द्यायला येतात आणि तिथून यात्रांचा हंगाम भरात येतो. त्या वर्षी तो उभा हंगाम हातचा गेला. कारखान्यातल्या कामगाराचं नाव निदान हजेरीपटावर होतं. फडातल्या बायकांचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं, त्यामुळे त्यांनी काय गमावलं याचा हिशेबही कुणी मांडला नाही.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. प्रयोग चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हिमतीला माझा दंडवत आहे. पण मुंबई इलाख्यात कारखान्यात काम करणाऱ्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ सालीच झाला होता. विठाबाई जन्मल्या १९३५ साली. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या बाईला तो हक्क कधी लागू झाला नाही, कारण नाचाला कुणी काम मानलं नव्हतं. २००२ साली त्या गेल्या, त्याआधीची वर्षं ओढाताणीत गेली. पुढे शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार जरूर असावा, पण तो वर्षाला एखाद्याच्याच वाट्याला येतो. पोट सगळ्यांनाच आहे.

कायद्याची नजरही सरळ नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबार बंद झाले, तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना त्या बंदीतून सूट होती. म्हणजे तोच नाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात चालतो आणि गरिबाच्या टेबलासमोर अनीती ठरतो. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. मधल्या काळात ज्यांची रोजी गेली, त्या बायकांना ती कुणी परत दिली नाही. बाईची अब्रू राखायची तर आधी तिची मजुरी राखावी लागते.

आणि या माणसांची स्वप्नं? ती साधी आहेत. स्वतःचा फड, डोक्यावर पक्कं छप्पर, मुलीच्या हातात पुस्तक. किशोर शांताबाई काळे हे तमाशात नाचणाऱ्या आईचे चिरंजीव. ते डॉक्टर झाले आणि १९९४ साली त्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं. आईचं नाव त्यांनी स्वतःच्या नावात जोडलं. तीस वर्षांनी, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र शासनानं बंधनकारक केलं. शाळेच्या दारात बापाच्या नावावर अडलेल्या मुलांनी हा रस्ता आधी चालून दाखवला होता, हे या व्यासपीठावरून नोंदवलं पाहिजे.

म्हणून या परिषदेनं चार मागण्या ठरावरूपानं मांडाव्यात. उचलीचा लेखी करार व्हावा आणि फडाला कमी व्याजाचं कर्ज मिळावं. यात्रेत तमाशा बोलावणाऱ्या गावानं बायकांसाठी बंद न्हाणीघर, शौचालय आणि पाणी द्यावं. सुपारीच्या कागदातच ते लिहिलेलं असावं. फिरत्या कलावंतांच्या मुलांसाठी जिल्ह्यात निवासी शाळा असावी. आणि असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीपासून वृद्ध कलावंतांच्या मानधनापर्यंतचे अर्ज भरून घ्यायला सरकारी माणूस यात्रेच्या मैदानावर यावा. सहा महिने ट्रकमध्ये राहणाऱ्या बाईनं पंचायत समितीचे खेटे कधी घालायचे?

रसिकांकडेही एक मागणं आहे. खेळ बघताना मोबाईल खिशात ठेवा, तिकीट काढून आत या आणि फर्माईश करताना समोर आपल्या घरची लेक उभी आहे असं समजा. गण-गवळणीबरोबर वगही मागा. वग चालला तरच वय झालेल्या कलावंतिणीला बोर्डावर जागा राहते.

कलावंत भगिनींनो, तुम्ही कुणाकडे दया मागत नाही. घाम गाळता, त्याचं मोल मागता. उद्याच्या सत्रात हे ठराव मांडले जातील, तेव्हा तुमच्यापैकी प्रत्येकीनं उभं राहून स्वतःचं नाव, गाव आणि काम सांगावं. कामाच्या रकान्यात 'नाच' असं स्पष्ट लिहून घ्यावं. तो कागद घेऊन सरकारदरबारी जाण्याची जबाबदारी अध्यक्ष म्हणून माझी.