सिद्धगडची पहाट, कलकत्त्याची रात्र

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



२ जानेवारी १९४३ची पहाट मुरबाड तालुक्याला नव्याने सांगावी लागत नाही. सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणे, हा त्यांचा अपराध! त्याच महिन्यात हेच सरकार कलकत्त्याचे आकाश कसे राखत होते, ते आज पाहू.

डिसेंबर १९४२मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर रात्री बाँबफेक आरंभली. लक्षावधी लोकांनी शहर सोडले. हरिकेन विमाने होती; पण अंधारात शत्रू दिसणार कसा? तेव्हा इजिप्तमधून रडार बसवलेली ब्यूफायटर विमाने आली आणि डमडम येथे १७६ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. जमिनीवरील रडार वैमानिकाला शत्रूच्या जवळ नेई. मग विमानातील साथीदार छोट्या पडद्यावरील खुणा वाचून दिशा सांगे. १५ जानेवारीच्या रात्री सार्जंट प्रिंग व त्याचा साथीदार फिलिप्स यांनी काही मिनिटांत तीन बाँबफेकी विमाने पाडली. त्यानंतर रात्रीचे हल्ले थंडावले. ५ डिसेंबरला खिदिरपूर गोदीवर दिवसाढवळ्या हल्ला झाला, तेव्हा प्रिंगही कामी आला. शौर्य परक्याचे असले तरी त्याचा आदर करणे ही आपली रीत आहे.

परंतु ज्या राज्याने कलकत्त्याच्या गोद्या राखल्या, त्याच राज्यात त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. प्रिंगच्या पराक्रमाच्या अवघे तेरा दिवस आधी त्याच राज्याने सिद्धगडावर गोळ्या झाडल्या होत्या. राखणदार परका असला की काय राखायचे आणि कोणाला मरू द्यायचे, हे तोच ठरवतो.

स्वतंत्र भारताने १९५०च्या दशकात आपल्या वायुदलाच्या १० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला रात्री लढणारी व्हॅम्पायर जेट विमाने दिली. मे २०२५मध्ये पाकिस्तानी ड्रोन रोखताना स्वदेशी ‘आकाशतीर’ यंत्रणा उपयोगी पडली. ही वाटचाल एकट्या वैमानिकांची नाही. प्रिंगलाही पडदा वाचणारा फिलिप्स लागला. शहापूर-मुरबाडच्या शाळांत गणित आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानी घ्यावे. कोतवाल आणि हिराजींनी ज्या स्वराज्यासाठी प्राण वेचले, त्याची रात्रपाळी आता आपली आहे.