वेडेपणाचा निवाडा कोण करतो?

(ओझर येथील भाषणाचा सारांश)



एखादा मनुष्य वेडा आहे की नाही, याचा निवाडा केवळ त्याच्या मनाची स्थिती पाहून होत नाही. समाजाला त्याच्याकडून काय हवे आहे, यावरही तो ठरतो.

तेराव्या शतकात ऋद्धिपूरला चक्रधरस्वामींचे गुरू गुंडम राऊळ राहत. मनात येईल तिकडे ते फिरत, जातीचे निर्बंध मानीत नसत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्यांनाच आईबाप मानून आळवीत. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी नोंदवून ठेवल्या. परंतु या औदार्याने भुलून जाऊ नये. राऊळ पुरुष होते आणि ब्राह्मण होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एखादी स्त्री अशीच वागली असती, तर तिला हा मान मिळाला असता काय?

ब्रिटिश अमदानीत 1858 साली वेड्यांविषयी तीन कायदे झाले. त्यांतील दोन कायद्यांचा मुख्य विषय होता वेड्याच्या मालमत्तेची व्यवस्था. तिसरा वेड्यांच्या इस्पितळांचा. मालमत्ता असणाऱ्यासाठी न्यायालय आणि रस्त्यावर भटकणाऱ्यासाठी पोलीस, अशी ही वाटणी होती. वेडेपणाच्या निवाड्यात वर्गभेद कसा शिरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ओझरला हे समजणे कठीण नाही. येथे शेती आणि 1960 च्या दशकात उभा राहिलेला विमानांचा कारखाना शेजारी शेजारी आहेत. मंद गतीचा वा आपल्याच तंद्रीत राहणारा मनुष्य शेतकरी कुटुंबात गुरे राखतो, राखण करतो. त्याचे खपून जाते. घड्याळावर चालणाऱ्या कारखान्यात तोच मनुष्य निरुपयोगी ठरतो. त्याचे मन तेच असते. बदलते ते श्रमाचे मोजमाप.

म्हणून मानसिक आजार ही कल्पना आहे, असा अर्थ कोणी काढू नये. आजार खरा असतो, वेदना खरी असते आणि औषधाने आराम पडतो. औषधाऐवजी साखळदंड वापरला की काय होते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे 2001 साली दिसले. दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण प्राणास मुकले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे तो सांगतो. परंतु बऱ्या झालेल्या स्त्रीला न्यायला माहेर येत नाही, सासर येत नाही. तिच्या नावावर जमीन नाही आणि तिला रोजगार नाही. अशा स्थितीत कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो.

कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची औषधे नियमित मिळावीत, अशी मागणी लावून धरावी. आणि गावात एखाद्या बाईला 'वेडी' म्हटले जाऊ लागले, की प्रथम एक चौकशी करावी : तिला वेडी ठरवल्याने कोणाचा फायदा होणार आहे?