पैसा नावामागे येतो
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज बचत आणि कर्जफेड बाजूला ठेवू. गटात बसलं की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, किसानचा हप्ता कधी पडणार?" मी विचारते, कुणाच्या खात्यात पडतो? उत्तर ठरलेलं, "मालकांच्या."

पीएम किसान योजना 2019 साली सुरू झाली. वर्षाला 6000 रुपये, 2000 चे तीन हप्ते. 2023 मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी आणला, त्याचे आणखी 6000. हा पैसा खुरपणी कोण करतं, कापूस कोण वेचतं हे बघून येत नाही. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एवढंच बघतात. आणि 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बाया होत्या जेमतेम 14.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर घरी जाऊन भांडणं व्हायची. तुमचं नाव लागलं म्हणून दुसरा हप्ता सुरू होत नाही. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबाला एकच लाभ. मग नाव कशाला लावायचं?

आपल्या एका गटातल्या ताईंचे मालक वारले. दुःखात वारसनोंद राहून गेली. हप्ता थांबला. पुढे गारपिटीची भरपाई आली, तीही अडकली, कारण यादीत नाव गेलेल्या माणसाचं. शेत मात्र त्याच कसत होत्या. पैशाची खरी गरज होती तेव्हाच कागद आडवा आला.

म्हणून तीन कामं सांगते.

पहिलं, वारसनोंद. घरात कुणी खातेदार वारला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची. बायको, मुलगा आणि मुलगी सगळे वारस. मुलींची नावं गाळायची नाहीत. तलाठी फेरफार धरतात, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजुरी देतात. पीएम किसानला 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झालेली जमीन चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. म्हणजे नोंद झाली की त्या बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो.

दुसरं, लक्ष्मी मुक्ती. मालक हयात असतानाच त्यांनी राजीखुशीने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. शेतकरी संघटनेने ही मोहीम चालवली होती, आणि 1992 मध्ये सरकारने तसं परिपत्रक काढलं. नाव लागलं की तुमचा हिस्सा तुमच्या सहीशिवाय विकता येत नाही. अवजारांच्या अनुदानातही फरक पडतो. यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्याला 50 टक्के मिळतात. अल्पभूधारकालाही तेवढेच, पण मोठ्या खातेदार पुरुषाला 40 टक्केच. घरात हा विषय भांडून काढू नका. "तुमच्या माघारी मला कुणापुढे हात पसरायला लागू नये," एवढं म्हणा. बऱ्याच मालकांना ते पटतं.

तिसरं, ज्यांचं नाव आधीच आहे त्यांनी खातं तपासायचं. आपली दोन-दोन, तीन-तीन खाती असतात. पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच जातो. पासबुक एकाचं भरायचं आणि पैसा दुसऱ्यात, असं होतं. ई-केवायसी झाली का, जमिनीची नोंद जुळली का, शेतकरी ओळख क्रमांक काढला का, हे सेवा केंद्रात विचारा. ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

पुढच्या सभेला प्रत्येकीने घरचा सातबारा आणायचा. सहीचा डिजिटल सातबारा 15 रुपयांत मिळतो. वाचता येत नसेल तर गटात बसून वाचू. पंचसूत्रीत आपण लेखे अद्ययावत ठेवतो, तसाच आता जमिनीचाही लेखा बघू. ज्यांची वारसनोंद राहिली असेल त्यांच्यासोबत तलाठी कार्यालयात मी येईन, गटातल्या दोघी-तिघींनीही सोबत यायचं. एकटीला परत पाठवतात, चौघींना बसायला सांगतात.